चकती नंबर पाच

थोरलीला धाकटीचा हेवा नेमका कधीपासून वाटायला लागला असं कुणी विचारलं असतं, तर तिने वार, वेळ आणि बाटलीचा आकारसुद्धा सांगितला असता. मंगळवार, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं कमी, क्रीमची बुटकी गोल बाटली. त्या दिवशी धाकटीने फिरत्या चकतीवर बाटली ठेवली, ब्रश टेकवला, श्वास रोखला आणि सोन्याची रेघ जिथून सुरू केली तिथेच आणून अशी मिटवली, की बाटली सात वेळा फिरवूनही जोड कुठे आहे ते थोरलीला सापडलं नाही. सातव्यांदा फिरवताना तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे दीड वर्ष थांबलं नाही.

बरं, या दुखण्याची तक्रार करायची तरी कुणाकडे? धाकटी काही परकी नव्हती, सख्ख्या दिराची बायको. तिला कारखान्यात आणलं थोरलीने, चकतीसमोर बसवलं थोरलीने, आणि ‘कोपर टेबलाला टेकव, ब्रश हलवू नकोस, बाटलीला फिरू दे’ हे कानीकपाळी ओरडून शिकवलं तेही थोरलीनेच. स्वतःच्या हाताने घरात आणून ठेवलेलं दुखणं होतं ते. आता बोंब कुणाच्या नावाने मारणार?

कारखाना तसा लहानच. सेंटच्या, क्रीमच्या, नखांच्या रंगाच्या कोऱ्या काचेच्या बाटल्या एका दारातून आत येत आणि रंग घेऊन, सोनं घेऊन, तळाला आकडे घेऊन दुसऱ्या दारातून बाहेर पडत. आधी फवाऱ्याची खोली, तिथे तोंडाला फडकी बांधलेले रंगारी बाटल्यांवर रंग उडवत. मग भट्टी. मग खिडक्यांच्या कडेने ओळीत पाच चकत्या, प्रत्येकीसमोर एक बाई. चकती म्हणजे लोखंडाची फिरती थाळी, पायाशी पट्टी. पट्टी दाबली की बाटली गरगर फिरते आणि खांद्यावर सोन्याची रेघ ओढून घेते. दिसायला सोपं. नवीन बाई पहिल्या आठवड्यात जी रेघ काढते ती पाहून भट्टीवाला म्हणायचा, “बाटलीला उचकी लागली होती काय?”

यातली खरी मेख अशी, की सोनं लावताना ते सोनं दिसतच नाही. एवढ्याशा कुपीत येतं आणि कपात उरलेल्या चहासारखं तपकिरी असतं. रेघही तपकिरीच पडते. पुन्हा भट्टीत गेल्यावर मग ते चमकतं. म्हणजे दिवसभर मान मोडून काम करायचं ते नुसत्या भरवशावर.

भट्टीत जाण्याआधी कोडवाले काका प्रत्येक बाटली उलटी करून तळाला शिक्का मारत. कामाचा नंबर, रंगाचा नंबर आणि शेवटी चकतीचा नंबर. शाई ओली असेपर्यंत फडक्याने पुसता यायची. एकदा का बाटली भट्टीतून निघाली, की मग बाटली फुटेल पण आकडा जायचा नाही. गिऱ्हाइकाकडून वाकडी रेघ परत आली, की बाटली उलटी करायची आणि कुणाचा हात ते बघायचं. हे ‘बाटली उलटी करणं’ दोघी जावांच्या मागोमाग घरीसुद्धा आलं होतं. दूध उतू गेलं की सासूबाई बसल्या जागेवरून म्हणत, “करा रे बाटली उलटी! गॅसपाशी कोण होतं?” आणि थोरलीच्या मते, घरात कुठलीही बाटली उलटी केली की नंबर हटकून तिचाच निघायचा.

धाकटीचं मात्र सगळं गोड. धाकटीने पडदे शिवले तर शेजारच्या बायका बघायला आल्या. धाकटीने भाजी चिरली तर सासरे म्हणाले, “तुकडे बघा, मोजून कापल्यासारखे.” थोरली अठरा वर्षं त्या घरात भाजी चिरत होती. तिचे तुकडे कुणी बघितले नव्हते, नुसते खाल्ले होते. कहर म्हणजे तिचा स्वतःचा नवरा, ज्याला बायकोने केस कापले तरी चार दिवस कळत नसे, तो एकदा जेवता जेवता म्हणाला, “धाकटीचा हात काय सरळ आहे गं!” थोरलीने त्याच्या ताटात भाजी वाढली ती डाव चार इंचांवरून सोडून.

हे सगळं तिने सोसलं असतं. पण मग पहिल्या चकतीची गोष्ट निघाली.

पहिली चकती म्हणजे खिडकीलगतची, चांगल्या उजेडाची. तिथे बसणाऱ्या बाईकडे काचेच्या कपाटाची किल्ली असायची. कपाटात प्रत्येक कामाची एक मूळ बाटली ठेवलेली. गिऱ्हाइकाने पसंत केलेला नमुना तो. रोज सकाळी चकत्या सुरू होण्याआधी पहिल्या चकतीवालीने ती बाटली काढायची, उलटी करायची आणि तळाचे आकडे सगळ्यांना ऐकू जातील असे वाचायचे. बाकीच्या चौघींनी शेवटचा आकडा परत म्हणायचा. मग बाटली मधल्या टेबलावर ठेवायची, आणि दिवसभर जिची तिची रेघ तिच्याशी ताडून बघायची. गेली वीस वर्षं पहिल्या चकतीवर बसून नमुन्यांच्या रेघा काढत होत्या सगळ्यांच्या मावशी, म्हणून सकाळी रोज एकच ऐकू यायचं. “चकती एक.” “एक.” थोरली दुसऱ्या चकतीवर बसून अकरा वर्षं ते ‘एक’ म्हणत आली होती, आणि मनातल्या मनात तिथे स्वतःला बसवत आली होती.

मावशींना आता डोळे साथ देईनात. त्या महिनाअखेरीला घरी बसणार होत्या. थोरलीने गृहीतच धरलं होतं, की एकानंतर दोन येतात. शाळेत न गेलेल्यालाही एवढं कळतं.

मालकांना कळत नव्हतं. त्याच आठवड्यात सेंटच्या एका नव्या कंपनीचं मोठं काम आलं. उंच बाटली, उतरता खांदा, गडद निळा रंग, त्यावर एकच सोनेरी रेघ. मालक चकत्यांपाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “दोन नंबर आणि पाच नंबर. तुम्ही दोघी एकेक सँपल करा. कंपनीच्या बाई येऊन पसंत करतील. जिची बाटली पसंत, ती पहिल्या चकतीवर.”

पाच नंबर म्हणजे धाकटी. अगदी कोपऱ्यातली, तीन वर्षांपूर्वी आलेली.

“अहो, माझं कशाला?” धाकटी म्हणाली. “जाऊबाई आहेत ना.”

“दोघींनी करा,” मालक म्हणाले. “हात बोलू दे.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मालकांवर नाही, ‘जाऊबाई आहेत ना’वर. जिंकायची खात्री असलेल्यालाच असं गोड बोलायला परवडतं, असं तिला वाटलं.

नमुन्याच्या दिवशी सकाळी तिने तीन वेळा हात धुतले. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि दोघींना एकदमच म्हणाल्या, “रंगावर सोनं चढवायचंय, लक्षात ठेवा गं.” थोरलीने मान हलवली, पण तिचं अर्धं लक्ष तिसऱ्या आणि चौथ्या चकतीवरून पलीकडे पाचवीकडे होतं. धाकटी बसली होती ती पाठ सरळ, केस बांधलेले, चेहरा असा, जणू भाजी निवडायला बसली आहे. तिने पट्टी दाबली. बाटली फिरली. एक श्वास, एक फेरा, ब्रश वर. झालं.

थोरलीने पट्टी दाबली. रेघ तिने नेहमीसारखी हळू काढली. फेरा पूर्ण झाल्यावरही ब्रश उचलायचा तिला धीर होईना, म्हणून जुन्या सवयीने ती त्याच रेघेवरून आणखी एकदा फिरली. शेवटी उचलला तेव्हा बाटलीच्या मागच्या बाजूला जोड दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा जाड ठिपका. मावशी पूर्वी तिला ओरडायच्या, ‘एका रेघेत दोन रेघांचं सोनं घालतेस बाई!’ ते आठवलं आणि तिने ठिपक्याची बाजू भिंतीकडे वळवली.

दोन्ही बाटल्या वाळायला मांडणीवर गेल्या. मांडणीला पाच कप्पे, प्रत्येकावर चकतीचा नंबर. काका सुट्टीनंतर येऊन कप्प्याप्रमाणे शिक्के मारणार, मग भट्टी. जेवणाची घंटा झाली. डबे उघडल्याचे आवाज बाहेरून यायला लागले. थोरली फडकं धुवायच्या निमित्ताने मागे राहिली.

ती मांडणीपाशी गेली ती फक्त बघायला. खरंच, आधी फक्त बघायलाच. पाचव्या कप्प्यातली बाटली तिने मानेला धरून उचलली आणि फिरवली. जोड नाही. पुन्हा फिरवली. नाही म्हणजे नाहीच. दोरा गुंडाळावा तशी बारीक, एकसारखी तपकिरी रेघ. मग तिने आपली बघितली, आणि तो मागचा ठिपका तिला बाटलीपेक्षा मोठा दिसायला लागला. अकरा वर्षं. अकरा वर्षं दुसऱ्या चकतीवर बसून आता तिसऱ्या वर्षाच्या पोरीच्या तोंडून रोज सकाळी ‘पाच’ ऐकायचं आणि मागून आपणही ‘पाच’ म्हणायचं? आणि घरी? घरी तर सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या राहायच्याच काय त्या बाकी!

तिने धाकटीची बाटली दुसऱ्या कप्प्यात ठेवली आणि आपली पाचव्यात. नखसुद्धा रेघेला लागू दिलं नाही. चोरीतही हात सराईत होता तिचा.

सुट्टी संपली. काका आले, बाटल्या उलट्या केल्या, टक, टक असे शिक्के मारले. ती शाई ओली होती तेवढी पंधरा-वीस मिनिटं थोरलीला उघडी होती. ‘काका, थांबा, कप्पे चुकलेत,’ एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग धाकटी वळून तिच्याकडे बघून हसली, तेच ते गोड हसू, आणि थोरलीने तोंड मिटलं. भट्टीवाल्याने दोन्ही बाटल्या नेल्या. भट्टीतून निघाल्यावर कुणी कुणासाठी वशिला लावायला नको म्हणून मालकांनी त्या थेट खोक्यात बंद करून आपल्या कपाटात ठेवल्या.

दोन दिवसांनी कंपनीच्या बाई आल्या. हातात मोजे, पिशवीत पांढरं फडकं आणि त्यांच्याच सेंटची कुपी. मधल्या टेबलाभोवती पाच चकत्यांच्या बायका, काका, भट्टीवाला, सगळे जमले. मालकांनी खोकं उघडलं. पहिल्यांदाच त्या दोन्ही रेघा सोन्याच्या झालेल्या दिसल्या.

बाईंनी दोन नंबरची उचलली. “वा,” त्या म्हणाल्या. “किती नाजूक!” थोरलीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग बाई ती उजेडाकडे घेऊन गेल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. निळ्या रंगावर ती बारीक रेघ जागोजागी जांभळट मारत होती. त्यांनी फडक्यावर सेंट ओतलं आणि रेघ घासायला सुरुवात केली. मनात मोजत असाव्यात, ओठ हलत होते. थांबल्या तेव्हा फडक्यावर पिवळट डाग होता आणि रेघ एका ठिकाणी तुटली होती.

मग त्यांनी पाच नंबरची घेतली. तशीच घासली, उलट जास्तच. फडकं पांढरं राहिलं. रेघ भरीव, पिवळीधमक, हाताला लागेल अशी. “हे सोनं आहे,” बाई म्हणाल्या. “आमच्या बाटल्या बायकांच्या ओल्या हातांत वर्षभर असतात. आम्हाला हीच रेघ पाहिजे, अगदी अशीच.” त्यांनी बाटली उलटी केली. “चकती पाच. कोण आहे पाच?”

टाळ्या वाजल्या. धाकटी थोरलीकडे बघत राहिली. थोरलीच्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं, आणि तरी तिला टाळ्या वाजवाव्या लागल्या. आपल्याच रेघेसाठी, दुसरीच्या नावाने. मालकांनी जाता जाता तिचं सांत्वन केलं. “दोन नंबर, तुमची रेघ सुबक होती हो. पण सोनं पातळ. इतकी वर्षं काम करूनही तुम्ही रंगावर सोनं पातळ कसं लावलंत?”

त्याच क्षणी तिला मावशींचं बोलणं आठवलं, ‘रंगावर सोनं चढवायचंय.’ रंगावर सोनं पातळ पडलं की भट्टीत जांभळं होतं, हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. हाताला तर नक्कीच ठाऊक होतं, हात दोनदा फिरला होता. फक्त डोळे जोड शोधत बसले होते.

संध्याकाळी घरी ती दारातच थबकली. आत सासूबाई, सासरे, नवरा, दीर, सगळे बसले होते आणि तिच्याकडे असे बघत होते, जसं यापूर्वी कधीच बघितलं नव्हतं. धाकटी आधी येऊन पोचली होती.

“ये गं, बस,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः सरकून जागा केली, जे त्या डॉक्टरांसाठीसुद्धा करत नसत. “धाकटीने सगळं सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“मी बघितलं होतं तुम्हाला, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “सुट्टीत. मी मोरीवर हात धूत होते, समोरच्या आरशात मांडणी दिसते. तुम्ही बाटल्या बदलल्यात. का ते मात्र आज कळलं.”

आता आकाश कोसळू दे म्हणून थोरली वाट बघत उभी राहिली.

“रंगावर माझी रेघ पातळ पडते हे तुम्हाला माहीत होतं,” धाकटी पुढे म्हणाली. “माझी पडणार हे तुम्ही ओळखलंत. म्हणून तुमची चांगली बाटली माझ्या कप्प्यात ठेवलीत. स्वतःची अकरा वर्षं मला देऊन टाकलीत! मला तिथे सगळ्यांसमोर बोलताच येईना. सख्खी बहीणसुद्धा नाही करत हो असं.”

“मोठं मन लागतं त्याला,” सासरे म्हणाले.

“मी उगाच नाही हिला थोरली म्हणत,” सासूबाई म्हणाल्या, जणू ते नाव त्यांनी गुण पाहून ठेवलं होतं. आणि तिचा नवरा, केस कापलेले न कळणारा तो नवरा, उठला आणि त्याने तिच्यासाठी पाण्याचा पेला आणला.

आता खरं सांगायचं तर थोरलीने तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. अठरा वर्षं ज्या कौतुकासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता ते अखेर समोर आलं होतं, चोरीचं का होईना, आणि तिने ते पाणी गटागटा पिऊन टाकलं. जेवताना सासूबाईंनी तिला आधी वाढलं. भाजी तिनेच चिरली होती. सासरे म्हणाले, “तुकडे कसे ऐसपैस आहेत, मनासारखे.” तिला हसूही येईना आणि घास गिळवेना. पण तिने तो गिळला, आणि दुसऱ्या दिवशीही गिळला.

तिसऱ्या दिवशी मावशींनी निरोप घेतला आणि धाकटी पहिल्या चकतीवर बसली. कपाट उघडलं, निळी बाटली काढली, उलटी केली. आकडे वाचताना तिचा आवाज एवढासा झाला होता. “चकती पाच.” “पाच,” बाकीच्या म्हणाल्या. थोरलीही म्हणाली. तिच्याच रेघेला रोज ‘पाच’ म्हणायचं आता तिच्या नशिबी आलं होतं.

पण मूळ बाटलीसारखी रेघ काढायची कुणी? धाकटीने सकाळभर जिवाचा आटापिटा केला. एक फेरा घेतला तर सोनं पातळ. दोन घेतले तर दुसरी रेघ पहिलीवर बसेना, शेजारून जाई. पुसायची, पुन्हा काढायची. तिच्या टेबलावर फडक्यांचा ढीग झाला. सुट्टीची घंटा झाली, बाकीच्या डबे घेऊन बाहेर गेल्या. धाकटी जागची हलली नाही.

“जाऊबाई, जरा इकडे या ना,” तिने हाक मारली. “मला ती तुमची रेघ शिकवा. तीन वर्षं मी चोरून बघत आले. तुम्ही दुसऱ्यांदा फिरता आणि ब्रश केसाएवढासुद्धा सरकत नाही. घरी काडी पाण्यात बुडवून पेल्यावर करून बघते मी. नाही जमत. माझं काय, सरळ काढणं सोपं आहे. त्याच वाटेने परत जाणं मला कधी जमणारच नाही असं वाटतं. खूप राग यायचा मला तुमचा.”

थोरलीने मान वर केली. पलीकडे आरशात मांडणी दिसत होती, पाच कप्पे, आणि समोर दोन बायका. दीड वर्ष ती जिच्यावर जळत होती, ती तीन वर्षं तिच्यावर जळत होती. आणि तरीही हिने आरशात चोरी बघितली तेव्हा हिच्या डोक्यात चोरी आलीच नव्हती. तिथे मात्र थोरलीला स्वतःची लाज वाटली. इतकी, की अंगावरचं कातडं काढून ठेवावंसं वाटलं.

“अगं, मी तुला बाटली दिली नाही,” ती म्हणाली. “तुझी घेतली.”

“म्हणजे?”

“मला वाटलं तुझी चांगली आहे. जोड दिसत नव्हता. माझ्या नंबरावर ती जावी म्हणून बदलल्या मी. तुला पाडायला. तुझ्या नशिबाने माझी चांगली निघाली, एवढंच.”

धाकटी हसली. “काहीतरीच तुमचं!” मग तिने थोरलीचा चेहरा बघितला आणि हसू तिथेच थांबलं. चकती रिकामीच फिरत होती. तिने पट्टीवरून पाय काढला.

“घरी सगळ्यांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं,” ती सावकाश म्हणाली. “दोन दिवस. आणि तुम्ही बसलात.”

“बसले.”

“मी रडले हो तुमच्यापुढे.”

धाकटी उठली आणि सरळ मालकांच्या खोलीत गेली. थोरली मागोमाग गेली. आता सगळं बाहेर येणार होतं, आणि येऊ दे असंच तिला वाटत होतं.

“नमुना माझा नाही,” धाकटीने मालकांना सांगितलं. “जाऊबाईंचा आहे. माझ्या बाटलीच्या तळाला मोहरीएवढा बुडबुडा होता, तो दोन नंबरात आहे. बघा. कप्पे बदलले गेले होते.”

मालकांनी दोन्ही बाटल्या उलट्या केल्या, बुडबुडा बघितला आणि कोडवाल्या काकांना हाक मारली. काका आले ते हात जोडूनच. “तीस वर्षांत माझा शिक्का चुकला नाही साहेब!”

“काकांची चूक नाही,” थोरली म्हणाली. “माझ्या हातून झालं.”

मालकांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. काहीतरी विचारावं असं त्यांच्या मनात आलं असावं, पण समोर मोठं काम होतं आणि ती रेघ काढणारी बाई समोर उभी होती. “चुकीने झालं ना? ठीक आहे,” ते म्हणाले. “उद्यापासून दोन नंबर पहिल्या चकतीवर.” थोरलीने ‘चुकीने नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तर धाकटीने तिच्याकडे बघितलं नाही, पण स्वतःची बोटं तेवढी घट्ट मिटली. थोरलीने तोंड मिटलं. घरात आणि कारखान्यात काय कळायचं आणि काय नाही, ते ठरवायचा हक्क आता तिचा नव्हता.

बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, “मी दुसरी बाटली काढते. तशीच, एक नंबर घालून. कपाटात ती ठेवू.”

“नको,” धाकटी म्हणाली. “कंपनीच्या बाईंनी पसंत केलीय ती हीच. आणि हिचा आकडा भट्टीतून निघालाय. राहू दे.” तिने कमरेची किल्ली सोडली आणि थोरलीच्या हातात न देता टेबलावर ठेवली. “तुम्हीच वाचायचा रोज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली पहिल्या चकतीवर बसली. उजेड खरंच चांगला होता तिथे. अकरा वर्षं तिने या खुर्चीत स्वतःला बसवलं होतं, आणि बसल्यावर पहिल्यांदा कुणाकडे बघायचं हेही ठरवून ठेवलं होतं. तिने कपाट उघडलं. निळी बाटली काढली. खांद्यावर तिची स्वतःची रेघ होती, भरीव, पिवळीधमक, मागच्या बाजूला तांदळाएवढा जोड. आज तो जोड तिला चांगला दिसला. मग तिने बाटली उलटी केली.

कामाचा नंबर वाचला. रंगाचा वाचला. खोलीत सगळ्या थांबल्या होत्या.

“चकती पाच,” ती म्हणाली.

“पाच,” दोघी म्हणाल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला नाही. धाकटीने पट्टीवर पाय ठेवला होता आणि बाटलीवर मान खाली घालून ती त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरायचा प्रयत्न करत होती.